आखूड बोर्डावर फॉइल कुठे बसवावे : प्रकाशा बॅरेजवरचे दोन दिवस

खानदेशात समुद्राची लाट नाही. तरीही लाटेवर चालवायच्या फॉइल बोर्डाची, म्हणजे खाली बसवलेल्या पंखांच्या (फॉइलच्या) उचलीने पाण्याच्या वर उठून चालणाऱ्या बोर्डाची, जुळवाजुळव संथ पाण्यावर बरीचशी उरकता येते, आणि ती तशीच उरकावी असे माझे मत आहे. कारण किनाऱ्यावर वर्षाकाठी जे चार-सहा दिवस आपल्या वाट्याला येतात, ते वाळूत बसून बोल्ट सैल-घट्ट करण्यात घालवणे परवडत नाही. याच विचाराने जानेवारीत आम्ही दोघे मित्र जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा या मार्गाने प्रकाशाला गेलो. तापी-गोमाई संगमाच्या या गावी, दक्षिण काशी म्हणतात तिथे, तापीवर बॅरेज आहे आणि पावसाळ्यानंतर अडवलेले पाणी हिवाळ्यात पुरेसे खोल असते. सकाळी वारा पडलेला असला की ते आरशासारखे दिसते.

माझा जुना प्रोन बोर्ड, म्हणजे पोटावर झोपून हातांनी वल्हवत लाट पकडायचा, १५२ सेंटीमीटर लांबीचा होता. नवा १२७ सेंटीमीटरचा आहे. फॉइल तेच: तोच मास्ट (बोर्डाखालचा उभा दांडा), तेच फ्यूजलाज (मास्टच्या तळाचा, पंख जोडणारा आडवा दांडा), तेच पुढचे-मागचे पंख. जुन्या बोर्डावर मास्टचा मध्य शेपटीपासून ४२ सेंटीमीटरवर होता, म्हणून पहिल्या दिवशी नव्यावरही मी टेप लावून ४२ वरच बोल्ट आवळले.

मासेमारी करणाऱ्या एका दादांनी आपल्या मशीनच्या बोटीला दोर बांधून मला ओढले. मोठा पंख असल्यास ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाला बोर्ड पाण्यातून उचलला जातो, त्यामुळे साधी बोटही पुरते. बोर्ड उचलला गेला खरा, पण नाक वर जाऊ लागले. पुढच्या पायावर सगळे अंग टाकूनही ते खाली येईना, आणि पुढचा पंख पाण्याबाहेर आला की त्याची उचल एकाएकी संपून मी पुढे आपटायचो. सहा वेळा असे झाले. सहाव्या वेळी दादा बोट वळवून जवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, मांगे वजन जास्त शे." त्यांनी फॉइल पूर्वी पाहिले नव्हते, पण वजन आणि उचल यांचा मेळ बसलेला नाही हे त्यांच्या नजरेने अचूक टिपले होते.

चूक मोजमापाच्या आरंभबिंदूत होती. आखूड बोर्ड करताना लांबी केवळ नाकाकडून कमी होत नाही, शेपटीकडूनही होते. त्यामुळे शेपटीपासूनचे अंतर एका बोर्डावरून दुसऱ्यावर नेता येत नाही. जे नेता येते ते मागच्या पायापासून मास्टपर्यंतचे अंतर. फॉइलची उचल आणि आपले वजन यांचा तोल पायांशी ठरतो, बोर्डाच्या टोकाशी नव्हे.

मग संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत आम्ही फॉइल काढले आणि बोर्ड जाड गादीवर ठेवला. तळव्यांना कोरडी रांगोळी लावून मी दहा वेळा पोटावर झोपून एका झटक्यात उभा राहिलो. काळ्या पॅडवर पांढरे ठसे उमटत गेले, आणि दहापैकी आठ वेळा मागचा पाय जवळजवळ त्याच जागी, शेपटीपासून सुमारे ३८ सेंटीमीटरवर पडल्याचे दिसले. जुन्या बोर्डावर तोच पाय ४५ वर पडत असे, म्हणजे मास्टच्या ३ सेंटीमीटर पुढे. त्या हिशेबाने नव्यावर मास्ट ३५ वर हवा होता आणि मी तो पूर्ण ७ सेंटीमीटर पुढे बसवला होता. ही रांगोळीची चाचणी घरच्या अंगणातच करून निघावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आमचा एक अख्खा दिवस त्यामुळे वाचला असता.

दुसऱ्या दिवशी ३५ वरून सुरुवात केली. आता उचल शांतपणे आली, मात्र मागच्या पायावर जरा जास्त भार द्यावा लागत होता, म्हणून मास्ट अर्धा सेंटीमीटर पुढे सरकवला. एका वेळी यापेक्षा जास्त सरकवू नये. फॉइल पुढे नेले की उचल वाढते व पुढचा पाय दाबावा लागतो. मागे नेले की बोर्ड स्थिर वाटतो, पण उठायला मागचा पाय लागतो. मागच्या पंखाखालची पाचर बदलूनही हाच भार बदलतो, परंतु दोन्ही गोष्टी एकाच फेरीत बदलल्यास फरक कशाने पडला ते कळत नाही. पाचरेला आम्ही हात लावला नाही.

दोर हातात असताना मिळणाऱ्या जाणिवेवर विसंबू नये. दोर पुढे ओढतो आणि आपण नकळत मागे रेलतो. म्हणून उचलले गेल्यावर आणि वेग स्थिरावल्यावर दोर सोडावा आणि नुसत्या घसरणीत दोन्ही पायांवर सारखा भार आहे का ते पाहावे. ३५.५ वर दोर सोडल्यावर मी दरवेळी काही क्षण समतोल तरंगत राहिलो, पायांची धडपड न करता. त्या क्षणांची शांतता शब्दांत सांगणे कठीण आहे. पंखाखालून पाणी सरकल्याची बारीक शिट्टीसारखी कुजबुज तेवढी ऐकू येत होती.

नदीवरचा आकडा समुद्रावर मात्र जसाच्या तसा चालणार नाही. समुद्राचे पाणी नदीच्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे त्याच वेगाला उचल तितकीच जास्त मिळते. हा फरक लहान आहे. मोठा फरक वेगाचा: लाटेवरून उतरताना वेग झपाट्याने वाढतो आणि उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर उचल चौपट. नदीवर नेमके वाटणारे फॉइल लाटेवर थोडे पुढे वाटेल, हे धरून चालावे.

येणाऱ्यांनी पाटबंधारे विभागाची परवानगी आधी घ्यावी. घाटांवर भाविक स्नान करत असतात, तिकडे फिरकू नये आणि बॅरेजच्या दारांपासून लांब राहावे. मासेमारांना जाळी कुठे लावली आहेत ते विचारल्याखेरीज पाण्यात उतरू नये, कारण मास्ट जाळ्यात अडकला तर त्यांचे नुकसान आणि आपली इजा दोन्ही होतात. काठाचा गाळ फसवा आहे. आमचा एक टी-नट (मास्टचा बोल्ट ज्यात आवळतात तो नट) त्यात गेला तो गेलाच, म्हणून दोन-चार टी-नट आणि बोल्ट जास्तीचे ठेवावेत आणि जोडणी चादर अंथरून करावी. हेल्मेट व लाइफ जॅकेट दोन्ही दिवस अंगावर असावेत. दुपारी शहाद्यात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळाली, त्यानंतर थंडीचा त्रास उरला नाही.

निघताना ट्रॅकच्या, म्हणजे मास्ट पुढे-मागे सरकवायच्या खाचेच्या, कडेला पक्क्या मार्करने ३५.५ वर एक रेघ ओढली आणि तिच्या अर्धा सेंटीमीटर मागे दुसरी. किनाऱ्यावर पहिली फेरी त्या दुसऱ्या रेघेवर मास्ट ठेवून करायची आहे.