तीनची पाऊणपट

गुहागर ते गणपतीपुळे हा दिवस मी मोबाईलमध्ये अगदी मिनिटांसकट लिहून ठेवला होता. साडेनऊला हेदवीची बामणघळ, वीस मिनिटं. अकराला तवसाळहून फेरीबोट, पलीकडे जयगड किल्ला, दीडला पुळ्यात जेवण. बरोबर बाबा होते. वय 74, गुडघे दुखरे. त्यांची आबाळ होऊ नये म्हणूनच एवढी आखणी.

उमा-महेश्वराच्या देवळाशेजारी खडकावर गेलो तर ओहोटी. बामणघळ म्हणजे काळ्या कातळात पडलेली अरुंद, खोल चीर. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि वर उसळतं. आम्ही पाहिलं तेव्हा तळाशी जरासं पाणी हलत होतं, एवढंच. मी फोटो काढून निघायच्या बेतात होते.

जवळच एक आजी खडकावरची कालवं काढत होत्या. त्यांनी विचारलं, "आज तिथी कंची?"

बाबा लगेच म्हणाले, "वद्य तृतीया."

"मग तीनची पाऊणपट. सव्वादोनला या."

कोकणच्या किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते, म्हणून तो जमतो. माझ्या आखणीत घाट होते, पेट्रोलपंप होते, बाबांच्या गोळ्या होत्या. समुद्राची वेळ मात्र मी कुणाला विचारलीच नव्हती.

"थांबूया का गं?" बाबा म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी काही मागितलं होतं.

थांबलो. गावातल्या एका घरी जेवणाची सोय झाली. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. बाबा ओटीवर तासभर गाढ झोपले. पुण्यात दुपारी त्यांचा डोळा लागत नाही.

दोनच्या सुमारास परत गेलो आणि घळीपासून बरंच लांब, कोरड्या जागी बसलो. आधी ऐकू येतो तो आवाज. लाट आत शिरते, खालून धप्प होतं, क्षणभर काहीच नाही, आणि मग पांढरंशुभ्र पाणी सरळ उभं राहतं. वाऱ्याने त्याचे तुषार आमच्यापर्यंत येत होते. बाबा लाटा मोजत होते. चांगली मोठी आली की माझ्या हातावर चापट मारायचे, मी लहान असताना मारायचे तशी.

जयगड राहिला, पुळ्याचं जेवण राहिलं. मला त्याची जराही खंत नाही. म्हातारं माणूस बरोबर असेल तर रात्रीची खोली आधीच ठरवावी, हे माझं मत आजही कायम आहे. पण मधला दिवस आता मी मोकळा ठेवते आणि सकाळी बाबांना विचारते.

संध्याकाळच्या फेरीबोटीत बाबा कठड्याला धरून उभे होते, चष्म्यावर मिठाचे ठिपके तसेच. जयगडचा धक्का जवळ आला तसे म्हणाले, "उद्या चतुर्थी. म्हणजे तीन वाजता."