एफ कॉर्ड हाताखाली आली, ती अशी

गिटारवर सी, जी, ए मायनर, ई मायनर अशा उघड्या तारांच्या कॉर्ड्स (एकत्र छेडायचे सूर, ज्यांत काही तारा न दाबताच वाजतात) बसल्या की हुरूप येतो. मग एखाद्या गाण्यात एफ येते आणि गाडं अडतं. पहिल्या फ्रेटवर (नेक म्हणजे गिटारचा दांडा, त्यावर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांपैकी पहिल्या घरात) तर्जनी सहाही तारांवर आडवी ठेवायची, उरलेल्या तीन बोटांनी ई मेजरचा आकार धरायचा, आणि छेडलं की निम्म्या तारा बद्द. "अजून जोरात दाब, हळूहळू ताकद येईल," असं जो तो सांगतो. ताकद थोडीफार येतेच, पण माझं काम ताकदीने झालं नाही.

काम झालं ते कॉर्ड धरून एकेक तार सुटी छेडायला लागल्यावर. एफमध्ये (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी) पाचव्या आणि चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका आणि करंगळी असतात, तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला मधलं बोट असतं. म्हणजे त्या तीन तारा तर्जनीखाली नीट दबल्या काय किंवा नाही काय, आवाज तोच येणार. तर्जनीला खरोखर सांभाळायच्या आहेत तीनच तारा: सहावी, दुसरी आणि पहिली. सहावी बोटाच्या टोकाशी, बाकीच्या दोन मुळाकडे. मधला भाग सैल राहिला तरी चालतो! हे लक्षात आल्यावर माझ्या हातातला निम्मा ताण तिथेच उतरला.

तरी दुसरी तार रुसलेलीच होती. नीट पाहिलं तर ती बोटाच्या सांध्याच्या घडीत बसत होती. तिथे खाच असते, कितीही दाबा, तार दबत नाही. बोट अगदी किंचित वर सरकवलं आणि तार बोलली. प्रत्येकाच्या बोटाची लांबी वेगळी, त्यामुळे ही जागा ज्याची त्यानेच शोधायची. शिवाय तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला जराशी कलती करायची. तिथे मांस कमी आणि हाड जवळ, म्हणून तार कमी जोरात दबते. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून हवं; मागे राहिलं की तार झणझणते.

अंगठ्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं. चिमटा घेतल्यासारखा अंगठा दाबत राहिलं की त्याचा गड्डा भरून येतो. गिटार छेडणाऱ्या हाताच्या कोपराखालच्या भागाने तिचं अंग हलकेच स्वतःकडे धरायचं आणि डाव्या हाताच्या वजनाने नेक मागे ओढायची. मी अंगठा पूर्ण काढून कॉर्ड वाजवून बघायचे. तशी वाजली की समजायचं, ओढ बरोबर आहे. मग अंगठा नुसता टेकवायचा. बोटांची टोकं हुळहुळणं साहजिक आहे, पण मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली की मी तिथल्या तिथे थांबत असे. हा नियम मी कधीच मोडला नाही आणि कोणी मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

सराव मी पहिल्या फ्रेटवर सुरू केलाच नाही. तिथे तार नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिच्या) अगदी जवळ असते, म्हणून जास्त ताठ लागते. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरला की ए मेजर होते आणि हात बराच हलका राहतो. तिथे स्वच्छ वाजली की एक फ्रेट खाली, असं करत एफपर्यंत आले. दाब शोधायची माझी रीत उलटी होती: आधी बोटं तारांवर नुसती टेकवून छेडायचं, मग आवाज येईपर्यंत दाब थोडा थोडा वाढवायचा आणि तिथेच थांबायचं.

गिटारही तपासावी. तिसऱ्या फ्रेटला तार दाबून पहिल्या फ्रेटकडे बघा. तार आणि पट्टीत केसाएवढी फट पुरे. ठळक फट दिसली तर नटच्या खाचा उंच आहेत, त्या जाणकाराकडून घासून घ्याव्यात. तारांचा संचही मी बदलला. ज्यात पहिली तार ०.०१२ इंचाची असते तो काढून ०.०१० चा लावला, आणि फरक लगेच कळला.

बदल करताना सी ते एफ ही जोडी फार सोयीची. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटलाच असते, ती उचलायची गरजच नाही. ती तशीच ठेवून बाकीची बोटं तिच्याभोवती हलवायची. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) अगदी संथ लावून मी हेच घोळवत बसायचे.

एफ आली की जी तिसऱ्या फ्रेटवर, बी सातव्यावर, सी आठव्यावर, सगळ्या एकाच आकारात फुकट मिळतात. बी मायनरचा आकार ए मायनरचा, दुसऱ्या फ्रेटवर. तिथे तर्जनीकडे पाचवी आणि पहिली अशा दोनच तारा, सहावी टोकाने नुसती स्पर्श करून गप्प ठेवायची. सध्या बी मेजर चालू आहे. त्यात अनामिका चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर आडवी पडते आणि पहिली तार बंद होते. ती बंदच राहू देते, कॉर्ड पूर्ण ऐकू येते.