कुंभार्ली घाट, दोन्ही पाय ब्रेकवर

गुहागरचे दोन दिवस आधीच उरकून टाकते. व्याडेश्वराचं दर्शन झालं, सुरूच्या बनात भिजून झालं, आणि जिथे उतरलो होतो तिथल्या उशांना पावसाळ्याचा कुबट वास होता. मला लिहायचंय ते जातानाच्या घाटाबद्दल.

सप्टेंबरात कराडहून निघालो. गाडी मी चालवत होते, शेजारी काका, मागे आई आणि डब्यांची पिशवी. काकांचं सगळं आयुष्य एसटी चालवण्यात गेलं. अजूनही दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय पायपुसणीवर ब्रेक मारत असतो. पाटणला चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "गाडी उभ्याउभ्या का गं थरथरतेय?" मी म्हटलं, "जुनी झाली, काका." अकरा वर्षांची पेट्रोल गाडी, थरथरायचीच, असा माझा हिशेब.

हेळवाक सोडलं आणि धुकं लागलं. घाट उतरायला लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या वळणावर धबधबा, आणि धबधबा म्हटलं की आलीच जत्रा. गाड्या अर्ध्या रस्त्यात, दारं सताड उघडी, कणसं भाजणं चालू. एक पोरगा फोन वर धरून आमच्याकडे पाठ करून मागे मागे येत होता. मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि पेडल खाली गेलंच नाही. भिंतीला लाथ मारावी तसं. गाडी मंदावली, पण थांबेना. मग दुसरा पायही ब्रेकवरच दिला, सीटला पाठ रेटून उभीच राहिले म्हणा ना. इंजिन गचका खाऊन बंद पडलं आणि गाडी थांबली. त्या पोराने वळून बघितलं, हसला, आणि पुन्हा फोन वर केला. त्याला दोन शिव्या द्यायच्या राहिल्या, ही माझी या प्रवासातली एकमेव खंत.

काकांचा हात तोवर हँडब्रेकवर गेला होता. "तापला का ब्रेक?" मी विचारलं.

"तापला असता तर पेडल मऊ पडलं असतं, खाली गेलं असतं. हे वरच अडलंय." मग स्वतःशीच म्हणाले, "आमच्या एसटीला हवा गेली की ब्रेक लागून बसतो, गाडी जागची हलत नाही. तुमच्या या डब्यांचं सगळंच उलटं."

शहाण्या माणसाने तिथेच थांबून टोइंगवाल्याला बोलावलं असतं. पण फोनला रेंज नव्हती, पाऊस होता, मागे हॉर्न वाजत होते, आणि त्या वळणावर उभं राहण्याचीच मला जास्त भीती वाटली. काकांनी हुकूम सोडला: "पहिला गिअर टाक, इंजिनच गाडी आवरून धरेल, आणि काही झालं तरी ते बंद पडू देऊ नकोस." कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं आणि त्याची वीज होते. आम्ही वरच्या रस्त्याने पोफळीला उतरलो आणि माझ्या पोटऱ्यांचे गोळे झाले. मागे आईचं रामरक्षा, मध्येच "हळू गं". याहून हळू फक्त बैलगाडी जाते. एरवी पेट्रोल वाचतं अशा समजुतीने मी उताराला गाडी न्यूट्रलला टाकत आलेय, हे त्या दिवशी काकांना सांगितलं नाही. आता इथे वाचतील.

पोफळीच्या पुढे रस्त्याला लागून पत्र्याचं गॅरेज दिसलं. मिस्त्री जेवत होता. हात पुसत आला, गाडीला हात न लावता म्हणाला, "इंजिन बंद करा, ताई. आता पाच-सहा वेळा ब्रेक मारा. मारलात? पाय दाबूनच ठेवा आणि चालू करा." केलं. "पाय थोडा खाली गेला का?" नाही गेला. "जायला पायजे. बूस्टरला व्हॅक्यूम नाय मिळत."

बॉनेट उघडून त्याने पेडलच्या समोरच्या बाजूला असलेला काळा गोल डबा दाखवला, तोच बूस्टर. आत रबराचा पडदा असतो. इंजिन त्या डब्यातली हवा ओढून घेतं, आणि आपण ब्रेक दाबला की बाहेरची हवा पडद्याच्या मागून शिरून आपल्या बाजूने जोर लावते. ती मदत गेली की ब्रेक असतो, पण सगळा जोर आपल्याच पायाचा. त्याने मला कान जवळ न्यायला लावला. कुकरची शिटी पडायच्या आधी येतो तसा बारीक सुस्स आवाज. डब्याकडून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप, इंजिनच्या टोकाला वळणावर उभा चिरलेला. मिस्त्रीने चिरेवर अंगठा दाबून धरला आणि पाटणपासूनची ती थरथर एकदम थांबली. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाइपकडे बघितलं.

पाइपला थोडी ढील होती. त्याने चिरलेलं टोक कापलं, मधला वनवे व्हॉल्व्ह काढून दोन्हीकडून तोंडाने फुंकून बघितला, एकीकडून हवा जाते, दुसरीकडून नाही, म्हणजे तो चांगला. पाइप पुन्हा चढवला, जुबली क्लिप आवळली. पुन्हा तीच परीक्षा, आणि इंजिन चालू होताच पेडल पायाखाली अलगद दबलं. तीनशे रुपये घेतले. "हे चालवून घ्या, पण घरी गेल्यावर अख्खा पाइप बदला," म्हणाला आणि उरलेला भात खायला गेला.

आता खरं दुखणं. पंधरा दिवसांपूर्वीच मी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, आणि "ब्रेक नीट लागत नाही" असं सांगितलं होतं. त्यांनी पुढचे ब्रेक पॅड बदलले आणि तीन हजार चारशेचं बिल लावलं. चूक निम्मी माझीही आहे. "कडक झालाय" म्हणायला हवं होतं, मी म्हटलं "लागत नाही". पण पाच वेळा पेडल मारून इंजिन चालू करायला पाना लागत नाही, उचलयंत्र लागत नाही, मिनिटसुद्धा लागत नाही.

परत आल्यावर पाइपचा तो कापलेला तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेले. काउंटरवरच्या मुलाने तो उलटसुलट करून बघितला, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधलं, आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हे आमच्या चेकलिस्टमध्ये येत नाही."