माझ्या तिकिटावरचा माणूस

डायर स्ट्रेट्स या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला आणि गायक मार्क नॉफ्लर स्टेजवर चहा प्यायला की पाणी, हा आमच्याकडे वीस वर्षांपासून चाललेला वाद आहे. रेल्वेवाला म्हणतो, चहाच. ‘कपातून वाफ निघून राहिली होती बे, मी पाहिली ना!’ मास्तरचा मामेभाऊ म्हणतो, पाणी. गंमत अशी की रेल्वेवाल्यानं नॉफ्लरला पाहिलं ते मुंबईला, 5 मार्च 2005 रोजी, शनिवारी. आणि मामेभावानं पाहिलं बंगळूरला, सोमवारी 7 तारखेला. तेव्हा दोघंही खरे असायला काही हरकत नाही. पण हे त्यांना सांगायला कोणी जात नाही. वाद मिटला तर दरवर्षी पाच मार्चला मास्तरच्या गच्चीवर जमायचं कशासाठी?

आम्ही चार-पाच जण आहोत. सगळ्यांची पन्नाशी आली तरी आहे किंवा येऊन गेली तरी आहे. गच्चीवर सतरंजी, एक्स्टेन्शनच्या वायरला लावलेला स्पीकर, कोपऱ्यात गेल्या उन्हाळ्याचा कूलर. त्याच्या ताट्यांमधलं जुनं गवत अजून तसंच असतं, कारण नागपुरात पाच मार्च म्हणजे ‘कूलर काढायचा का’ आणि ‘थांबा न आठ दिवस’ यांच्या अधलामधला दिवस. वहिनी वडाभात करतात. मास्तर हा खरोखरच मास्तर, भूगोलाचा. रेल्वेवाला अजनीच्या शेडमध्ये. मी हिशेबनीस. आमच्यात गिटार कोणालाच येत नाही. रेल्वेवाल्यानं कॉलेजात असताना एक घेतली होती. तिची एक तार तुटली, ती आणायची राहिली, मग लग्न झालं.

आमचा हा माणूस आम्हाला भेटला तो कॅसेटवर. बर्डीवर तेव्हा कॅसेट भरून मिळायची. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी घ्यायला जायचं. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हा 1985 चा अल्बम मी असाच साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला. एका बाजूला तीस मिनिटं. पहिली पाच गाणी भरतात जवळजवळ तेहतीस मिनिटांची. भरणाऱ्यानं काही विचार न करता लावून दिलं, आणि पाचवं ‘व्हाय वरी’ मधेच खटकन थांबलं. ते तिथंच संपतं अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. काळजी कशाला, असं समजावता समजावता माणूस उठून निघून गेला, हे मला फार मोठं कलात्मक धाडस वाटायचं. त्यावर मी मास्तरला पंधरा मिनिटं ऐकवलंही होतं. पुढे सीडीवर ऐकलं, तर गाणं संपल्यावरही गिटार निवांत, कोणाला कुठं जायचं नाही अशी वाजत राहते. छान आहे. पण मला अजूनही तीस मिनिटं झाली की कान टवकारल्यासारखं होतं.

नावाचाही घोळच होता. स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर ‘के’. त्याला उच्चार नसतो हे सांगणारं कोणी नव्हतं, त्यामुळे आम्ही पाच-सहा वर्षं त्याला क्नॉप्फ्लर म्हणत होतो, तेही अगदी जिभेला व्यायाम देऊन. कानडी वाटायचा. प्रत्यक्षात जन्म ग्लासगोचा, 1949 चा. वाढला इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलकडे. आधी पेपरात वार्ताहर, मग कॉलेजात शिकवायला. डायर स्ट्रेट्स हा बँड 1977 मध्ये निघाला, आणि पहिला अल्बम आला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. मास्तरला यातलं ‘शिकवायला’ एवढंच आवडतं. ‘आपल्यातला आहे,’ असं तो दर पाच मार्चला एकदा तरी म्हणतो.

त्याच्या वाजवण्याबद्दल लिहायचं तर माझ्याकडे शब्द स्वयंपाकघरातलेच आहेत. बहुतेक रॉकवाले गिटार प्लेक्ट्रमनं वाजवतात, त्या छोट्या तिकोनी चकतीनं. हा ती वापरत नाही. अंगठा आणि दोन बोटं. वरणात मीठ टाकताना चिमूट धरतो ना, तीच बोटं. त्यामुळे सूर खरवडल्यासारखा येत नाही, चिमटीतून सुटल्यासारखा येतो; आणि किती टाकायचं हे ज्याला कळतं त्याच्याच हातचं वरण आपण मागून घेतो. वहिनी पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या होत्या, ‘हा गात कुठं आहे? हा तर बोलून राहिला.’ बरोबरच आहे. ओसरीवर बसून कोणी कालची हकीकत सांगावी तसा तो गातो, आणि मधेमधे गिटार ‘हो न’ म्हणते.

तो मुळात डावखुरा, पण गिटार धरतो उजव्या हातवाल्यासारखी. आमचा रेल्वेवालाही डावखुरा. त्याच्या आजीनं लहानपणी त्याला उजव्या हातानं जेवायला लावलं, त्या हाताला पळीचे दोन-चार ठोकेही मिळाले असतील. नॉफ्लरचं कळल्यावर हा आजीच्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, ‘गिटारपण दिली असती न हातात, त्यापरीस.’

कपाळाला पट्टी बांधून स्टेडियम गाजवणारा 1985 चा नॉफ्लर मला तितकासा आवडत नाही, हे कबूल करतो. त्यावरून गच्चीवर माझी हजेरी घेतली जाते. पण त्या वर्षातली एक गोष्ट मलाही आवडते. 13 जुलैला लंडनच्या वेम्बले स्टेडियमवर लाइव्ह एड झालं, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा मोठा गाण्यांचा कार्यक्रम, जगभर टीव्हीवर दिसलं. डायर स्ट्रेट्सनं तिथं वाजवलं, आणि वाजवून झाल्यावर शेजारच्याच वेम्बले अरीनात त्यांचा स्वतःचा कार्यक्रम होता म्हणून तिकडे चालत गेले. एका लॉनवरचं लग्न आटोपून लगतच्या लॉनवरच्या लग्नात जेवायला जावं, तसे. मुहूर्ताच्या दिवसांत वर्धा रोडवर राहणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही.

आता ते 2005. मार्च 2003 मध्ये लंडनला मोटारसायकलवरून पडून त्याच्या सात बरगड्या मोडल्या होत्या, खांदाही गेला होता. गिटार धरता येईल की नाही इथपासून सुरुवात. त्यातून उठून तो दौऱ्यावर निघाला, आणि दौऱ्यात मुंबई होती. पेपरात बातमी वाचून रेल्वेवाल्यानं दोन तिकिटं मागवली, एक त्याचं, एक माझं. शुक्रवारी संध्याकाळच्या विदर्भनं निघायचं, रविवारी रात्री परत निघायचं.

मी ज्या ऑफिसात होतो त्याचं नाव सांगत नाही. मार्च एंडिंग होतं एवढं सांगितलं तरी हिशेबातल्या माणसाला पुढचं कळेल. साहेबांनी रजेचा अर्ज वाचला. कारण ‘घरगुती’ लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, ‘घरी कोण आहे?’ माझ्याकडून खरं उत्तर गेलं. अर्ज परत आला. पुढे वर्षभर मला ‘क्यों भाई, गिटार?’ अशी हाक पडायची.

तर त्या शनिवारी रात्री नऊच्या पुढे ऑफिसात मी, चौकीदार आणि दोन ट्यूबलाइट. ट्रायल बॅलन्समध्ये 180 रुपयांचा फरक येत होता. फरकाला नऊनं भाग गेला की कुठंतरी आकडे उलटे लिहिले गेलेत असं समजायचं. 180 ला जातो. म्हणून बोट ठेवून एकेक नोंद बघत होतो. तेवढ्यात मोबाइल वाजला. रेल्वेवाला. ‘हॅलो’ वगैरे काही नाही. नुसता ओरडला, ‘ऐक बे!’ आणि त्यानं फोन वर धरला.

पहिल्यांदा ऐकू आलं ते पत्र्यावरच्या पावसासारखं. मग त्या पावसात काहीतरी हललं. मग ओळख पटली. ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’. हे गाणं त्याला सुचलं त्याची हकीकत आम्हाला पाठ आहे. लंडनच्या एका जवळजवळ रिकाम्या पबमध्ये साधासुधा जॅझ बँड वाजवत होता. कपडे जेमतेम, ऐकायला चार टाळकी. आणि शेवटी त्यांच्यातल्या एकानं जाहीर केलं की आम्ही ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’. सुलतान! आपल्याकडे लग्नात वाजवणाऱ्या बँडची नावं बघावीत, ‘स्टार’, ‘न्यू’, ‘मास्टर’ यातला एक शब्द तरी असतोच, आणि वाजवणाऱ्याच्या लाल कोटाला दोन बटणं कमी असतात. म्हणून ते गाणं आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. तर अशा चार टाळक्यांच्या गाण्याला मुंबईत हजारोंची गर्दी, आणि नागपुरात एक टाळकं, उजवा कान फोनला आणि डावं बोट खतावणीवर. शेवटी जिथं गिटार एकटी सुटते, टिपटिप-टिपटिप पळायला लागते, तिथं ‘टुंक’ झालं. प्रीपेड कार्ड, त्यात रोमिंग. बॅलन्स संपला. पुन्हा ‘व्हाय वरी’च झालं म्हणायचं.

फरक साडेदहाला सापडला. 310 च्या जागी 130.

माझं तिकीट रेल्वेवाल्यानं गेटवर एका मुलाला दिलं, जेवढ्याचं होतं तेवढ्यालाच. त्या मुलाबद्दल मी इतक्या वर्षांत इतकं विचारून घेतलं आहे की नॉफ्लरबद्दल तेवढं विचारलं नसेल. विशी-बाविशीचा. पाठीला सॅक. कुठून आला विचारलं तर ‘लांबून’ म्हणाला. दोन तास तो रेल्वेवाल्याच्या शेजारी, म्हणजे माझ्या जागी, उभा होता. आता तोही चाळिशीचा झाला असेल. त्याच्या घरी, कुठल्याशा गावात, तो सांगत असेल की आयत्या वेळी नागपूरचा एक माणूस भेटला, त्याचा मित्र आला नव्हता म्हणून. म्हणजे त्या गोष्टीत मी आहे. ‘न आलेला मित्र’ असा का होईना, मी त्या कार्यक्रमाला आहे. हे मी गच्चीवर एकदा बोलून दाखवलं, तर मास्तर म्हणाला, तुझा ताप मोजला पाहिजे.

मास्तरची स्वतःची आठवण तर याहून लांबची आहे. सात कोटी वर्षांपूर्वीची. मादागास्करमध्ये एका डायनासोरचे अवशेष मिळाले. छोटाच, जेमतेम दोन मीटर, पुढचे दात बाहेर आलेले. शास्त्रज्ञ खणताना नॉफ्लरची गाणी लावायचे, आणि गाणी लागली की हाडं सापडायची, असं त्यांना वाटायला लागलं. म्हणून 2001 मध्ये त्याचं नाव ठेवलं मासियाकासॉरस नॉफ्लेरी. याच्याच कुळातला एक जबलपूरला मिळालेला आहे, कारण कोणे एके काळी मादागास्कर आणि आपण एकाच तुकड्यावर होतो. मास्तर यावरून थेट वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्यावर येतो. तिथं डायनासोरची हाडं मिळतात, आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही. मास्तर एकदा मोबाइलवर गाणी लावून तिथं शेतातून दिवसभर फिरला. त्याला काय मिळालं असेल ते वाचकांनी ओळखावं. तो ते कपाटात डबीत ठेवतो. वहिनींनी त्या डबीला वेगळा कप्पा दिला आहे.

नॉफ्लरनं 2019 नंतर दौरे बंद केले. 2024 च्या जानेवारीत लंडनला त्याच्या 120 हून जास्त गिटारींचा लिलाव झाला, 80 लाख पौंडांच्या वर रक्कम गेली, पाव हिस्सा त्यानं दानधर्माला दिला. रेल्वेवाल्यानं त्या दिवशी माळ्यावरून आपली गिटार काढली, पुसली, पाच तारा मोजल्या, परत ठेवली.

यंदाच्या पाच मार्चला नेहमीसारखंच सगळं झालं. चहा-पाणी झालं, म्हणजे तो वाद. मग मास्तरनं ‘सुल्तान्स’चं कुठलंसं लाइव्ह रेकॉर्डिंग लावलं. शेवटची गिटार सुरू झाली तसा रेल्वेवाला वीस वर्षं सांगतो ते सांगू लागला: इथं तो मान खाली घालतो, इथं पाठीमागच्याकडे बघून हसतो, हे बघ, इथं अस्सं बोट. आम्ही ऐकत होतो. आम्हालाही ते पाठ आहे.

वहिनी वडाभातावर घालायला हिंगाचं कढत तेल घेऊन वर आल्या होत्या. पळी हातातच ठेवून म्हणाल्या, ‘पण भाऊजी, तुम्ही तर तेव्हा फोन वर धरून होते ना?’

‘हो. मग?’

‘अन् मग फोन कटला.’

‘कटला ना. मी पुन्हा लावून राहिलो होतो. लागेच ना. ती बाई सांगे, बॅलन्स नाही. मी पुन्हा लावे...’

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या आम्हाआधी लक्षात आलं होतं. स्पीकरवर लोक टाळ्या वाजवायला लागले.

‘म्हणजे शेवटचं तुम्ही पाहिलंच नाही,’ वहिनी म्हणाल्या.

मास्तरनं स्पीकर बंद केला. रेल्वेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? माझ्याकडे तर ‘टुंक’च होतं.

‘मग ऐकलं कोणी?’

‘त्या पोट्ट्यानं,’ रेल्वेवाला म्हणाला. ‘बाजूलेच होता. मी फोन लावून राहिलो होतो त म्हणे, अंकल, बाद में.’

पळीतलं तेल निवलं होतं. वहिनी ते पुन्हा तापवायला खाली निघाल्या. त्या जिन्यापर्यंत पोचल्या असतील तेवढ्यात रेल्वेवाल्याला काहीतरी आठवलं आणि तो एकदम सावरून बसला.

‘पण चहाच होता,’ तो म्हणाला. ‘तवा फोन खिशात होता.’