कॉलम बदलणारं टूल एजंटला समजावताना

स्प्रेडशीटचे कॉलम बदलणारं टूल एआय एजंटच्या (स्वतःच टूल चालवून काम करणाऱ्या मॉडेलच्या) हाती देताना माणसांसाठीचं मॅन्युअल चिकटवून भागत नाही. माणसाने चुकीचा कॉलम उडवला तर ते त्याला पडद्यावर दिसतं आणि तो अनडू दाबतो. एजंटला दिसतं ते टूलचं वर्णन, पॅरामीटरच्या (टूलला द्यायच्या माहितीच्या) व्याख्या आणि टूलने परत पाठवलेला मजकूर, बस. डॉक्युमेंटेशन या तीन जागीच लिहावं. विकीवरचं सुंदर पान त्याने उघडलं तर उघडलं.

पहिला घोळ कॉलमच्या ओळखीत होतो. ‘कॉलम ३’ म्हणजे शून्यापासून मोजलं तर डी, एकापासून मोजलं तर सी. अक्षर, क्रमांक आणि शीर्षक असे तिन्ही पर्याय चालतील असं लिहिणं उदार वाटतं, पण त्यातून फक्त संदिग्धता वाढते. एकच पद्धत ठेवा. माझं मत शीर्षकाच्या बाजूने, कारण कॉलम सरकला तरी शीर्षक त्याच्यासोबत जातं. मात्र एकाच नावाचे दोन कॉलम असतील तर टूल काय करेल, हे वर्णनात हवंच (थांबून एरर देणं उत्तम). शीर्षकाच्या शेवटी राहिलेली स्पेस हा नेहमीचा गुन्हेगार. मराठी शीर्षकांत आणखी एक भर: ‘कर्मचाऱ्याचे नाव’ यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणूनही येतो आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. टूल आधी एनएफसी नॉर्मलायझेशन करतं (म्हणजे अशी रूपं एकसारखी करून घेतं) की नाही, हे एका वाक्यात सांगून टाका.

सगळ्यात महागात पडते ती सरकासरकी. बी, डी आणि एफ हटवायचे आहेत आणि एजंटने डावीकडून एकेक कॉल (टूल चालवण्याची विनंती) केला, तर बी गेल्यावर बाकीचे एक घर डावीकडे येतात. प्रत्यक्षात मूळचे बी, ई आणि एच जातात, आणि तिन्ही कॉल यशस्वी ठरतात! म्हणून टूलने एकाच कॉलमध्ये यादी घ्यावी आणि वर्णनात स्पष्ट म्हणावं: ‘सर्व अक्षरं कॉल सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीतली समजली जातील.’ यादी घेता येत नसेल तर ‘उजवीकडून डावीकडे हटवा’ ही सूचना पहिल्या दोन ओळींत हवी.

डेटाच्या प्रकारांबद्दल त्रोटक लिहू नका. ‘००४२’ आकडा समजला गेला की ४२ होतो. एक्सेल १५ सार्थ अंकांपर्यंतच अचूकता ठेवतं, त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. १ जानेवारी २०२४ ही तारीख आत दिवसांच्या मोजणीने ४५२९२ अशी असते, पण फाइल १९०४पासून दिवस मोजणाऱ्या तारीखपद्धतीवर असेल तर १,४६२ दिवसांचा फरक पडतो. आपोआप प्रकार ओळखण्याचा हा उपद्व्याप इतका चिवट, की जनुकांची नावं ठरवणाऱ्या ह्यूगो समितीने एक्सेल तारीख समजून बसत असलेल्या ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ असं नामांतर केलं. तसे नियम २०२० साली प्रसिद्धही झाले. तेव्हा प्रकाराचा पॅरामीटर सक्तीचा करा, त्याला ठरावीक पर्याय द्या आणि ‘आपोआप’ हा पर्याय त्यात ठेवूच नका. नवं मूल्य दिलंच नाही, रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) दिली किंवा नल (‘मूल्यच नाही’ ही खूण) दिलं, तर प्रत्येक वेळी सेलचं काय होतं तेही लिहा. ‘जसं आहे तसं राहील’ आणि ‘पुसलं जाईल’ यांची गल्लत झाली की अख्खा कॉलम कोरा.

उत्तरात नुसतं ‘यशस्वी’ आलं तर एजंट पुढे निघतो. कोणत्या शीटमधला कोणता कॉलम, किती सेल बदलले, किती वगळले आणि का, फॉर्म्युल्यांच्या जागी किती ठिकाणी साधी मूल्यं बसली, दुसऱ्या कॉलममध्ये किती नवे रेफ एरर (हटलेल्या सेलकडे बोट दाखवणाऱ्या फॉर्म्युल्यांचे एरर) उमटले, आणि नमुन्यादाखल पहिल्या तीन ओळींची आधीची व नंतरची मूल्यं, एवढं पाठवा. पूर्ण कॉलम मात्र कधीच नको. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये (एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरात) नाही. एररलाही हीच शिस्त लावा: ‘कॉलम सापडला नाही’ एवढ्यावर न थांबता उपलब्ध शीर्षकं द्या, नाहीतर एजंट अंदाजाने नावं टाकत बसतो.

टाइमआउट झाला (उत्तर वेळेत आलं नाही) की एजंट तोच कॉल पुन्हा करतो. ‘कॉलम जोडा’ हे काम दोनदा झालं तर दोन कॉलम उभे राहतात. ‘नसेल तरच जोडा’ असं वर्तन ठेवून तसं लिहा. एजंटला टूल जोडण्याच्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या मानकामध्ये टूल विध्वंसक आहे का, पुन्हा चालवलं तर परिणाम बदलतो का, हे सांगणाऱ्या खुणा आहेत. त्या भरा, पण त्या फक्त सूचक आहेत. हटवण्यापूर्वीची ड्राय रन (काही न बदलता काय होईल ते दाखवणारी चाचणी) टूलमध्येच सक्तीची हवी.

तपासणीसाठी मुद्दाम वाकडी शीट घ्या: एकाच नावाचे दोन कॉलम, मर्ज केलेले सेल, एक लपवलेला कॉलम, चालू असलेला फिल्टर. कोऱ्या सेशनमध्ये फक्त टूलचं वर्णन देऊन काम सांगा. एजंट जिथे अडखळेल, तिथे प्रॉम्प्टला (एजंटला दिलेल्या सूचनेला) ठिगळ न लावता वर्णनातली ओळ बदला आणि पुन्हा कोऱ्या सेशनमध्येच चालवा.