बटण हिरवं, प्रोजेक्टर ढिम्म: टच पॅनेल प्रोग्रामिंगचा माझा अनुभव

मीटिंग रूमच्या टच पॅनेलचं, म्हणजे लाइट, पडदे, प्रोजेक्टर चालवायच्या टचस्क्रीनचं काम पहिल्यांदाच गळ्यात पडलं तेव्हा वाटलेलं चार पानं, वीसेक बटणं, दोन दिवसात उरकेल. लाइटचे सीन, पडदे, आवाज सगळं झालंही पटापट. अडकलो ते प्रोजेक्टर ऑनच्या एका बटणावर, तेही दीड दिवस, अजून आठवलं की डोकं फिरतं.

बटण दाबलं की छान हिरवं व्हायचं आणि प्रोजेक्टर ढिम्म. केबल बघितली, आयपी बघितला, पीजेलिंकचा (नेटवर्कवरून प्रोजेक्टर चालवायची ठरलेली भाषा) पोर्ट ४३५२, तोही बरोबर. लॅपटॉपच्या टर्मिनलमधून तीच कमांड दिली की पठ्ठ्या लगेच चालू! मग काय, पॅनेललाच शिव्या घालत फाइल पाच-सहा वेळा परत लोड केली, प्रोसेसर रीबूट केला, सपोर्टला विचारलं तर म्हणे फर्मवेअर अपडेट करून बघा, ते केलं, त्यात अजून एक तास गेला. शेवटी रात्री वैतागून जाणारे बाइट हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराचा कोड दिसेल असे उघडले. कमांडच्या शेवटी ०डी हवा, आणि माझ्याकडे ५सी ७२! म्हणजे कॅरेज रिटर्नच्या (कमांड संपली असं सांगणारा बाइट, कोडमध्ये \r असा लिहितात) जागी बॅकस्लॅश आणि आर ही दोन अक्षरं जशीच्या तशी जात होती, आणि कमांड संपलीच नाही म्हणून प्रोजेक्टर बिचारा पुढच्याची वाट बघत बसलेला. टर्मिनलमध्ये एंटर मारला की तो बाइट आपोआप जातो, म्हणून तिथे चालायचं. हसावं की रडावं कळेना.

आणि हिरवं का व्हायचं, तर तो माझाच शहाणपणा, रंग मी बटणाच्या दाबण्यालाच जोडलेला. असं करू नका. प्रोजेक्टरला दर काही सेकंदांनी विचारा, तो ० बंद, १ चालू, २ थंड होतोय, ३ गरम होतोय असं सांगतो, त्यावरून रंग ठरवा. थंड होताना ऑन दिलं तर एरर ३ येतो, तेव्हा तेवढा वेळ बटण बंद ठेवून 'थांबा' दाखवा, नाहीतर लोक दहा वेळा दाबत बसतात.

अरे हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, बटणांचे नंबर (कुठलं बटण दाबलं हे प्रोग्राम त्यावरूनच ओळखतो) पानं काढायच्या आधीच एका शीटमध्ये लिहून ठेवा. मी मध्येच एक बटण घुसवलं, पुढचे सगळे नंबर एकाने सरकले आणि लाइट लावायला गेलो तर पडदे खाली.

आवाजाच्या स्लायडरची किंमत माझ्या सिस्टिममध्ये ० ते ६५५३५ यायची, अँप्लिफायरला ० ते १०० लागायची, तर तिथे भागाकार विसरू नका. आणि पॅनेल झोपलेलं असताना पहिला टच फक्त स्क्रीन जागी करायलाच ठेवा, नाहीतर अंधारात चाचपडत कुठेही बोट लागलं की भलतंच काहीतरी सुरू होतं.