आक्रा: एन्क्रुमांच्या शहरात

घानाच्या राजधानीत, आक्रामध्ये, जेम्सटाउन हा कोळ्यांचा जुना भाग आहे. रंगीत होड्या, मासे धुरावायच्या भट्ट्या, आणि या सगळ्या गजबजाटाला लागून जेम्स फोर्ट. इंग्रजांनी या किल्ल्याचा तुरुंग केला होता. घानाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा १९५० साली इथे कैदेत आले. गुन्हा काय, तर संप आणि बहिष्काराची हाक. गांधीजींचा मार्ग त्यांनी पुरता अभ्यासला होता. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली. कोठडीत बसून ते उभे राहिले आणि २३,१२२ पैकी २२,७८० मतं घेऊन निवडून आले! गव्हर्नरला त्यांना सोडून सरकार बनवायला बोलवावंच लागलं. त्या भिंतीपाशी उभी असताना माझ्या अंगावर काटा आला.

तिथून हाय स्ट्रीटने एन्क्रुमांच्या स्मारकाकडे निघाले. साहेब लोक जिथे पोलो खेळायचे, त्याच मैदानावर ५ मार्च १९५७ च्या मध्यरात्री एन्क्रुमांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. आज तिथेच त्यांची संगमरवरी समाधी आहे. शेजारी पत्नी फतिया यांची. मागे मात्र एन्क्रुमांचाच एक मोडका पुतळा ठेवलाय आणि त्याचं डोकं वेगळं, बाजूला. फेब्रुवारी १९६६ मध्ये ते चीनच्या दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा हा पुतळा पाडला गेला. कुणीतरी जपून ठेवलेलं डोकं २००९ मध्ये परत आलं. एन्क्रुमा स्वतः जिवंतपणी परतलेच नाहीत. १९७२ मध्ये रुमानियात, बुखारेस्टला वारले.

पुतळा पाडल्यावर लोक रस्त्यावर नाचले, याचं मला आधी फार वाईट वाटायचं. पण जे. बी. डान्क्वांबद्दल वाचलं आणि गप्प झाले. ज्या पक्षाने एन्क्रुमांना परदेशातून सरचिटणीस म्हणून बोलावून घेतलं, त्याचे डान्क्वा हे एक संस्थापक. १९४८ मध्ये इंग्रजांनी दोघांना एकत्रच पकडलं होतं. पुढे एन्क्रुमांनी खटल्याशिवाय डांबायचा कायदा केला, १९६४ मध्ये देशात एकच पक्ष उरला, आणि १९६५ मध्ये डान्क्वा न्सावामच्या तुरुंगात वारले. स्वतः कोठडी भोगलेल्या माणसाने हे करावं, हे मला अजून पचत नाही. अकोसोम्बोचं धरण, शाळा, आफ्रिकेच्या एकीचा ध्यास, हे सगळं मान्य करूनही नाही.

ओसू भागात डान्क्वा सर्कल आहे, तिथे त्यांचा पुतळा आहे. आक्राला गेलात तर स्मारक बघून झाल्यावर टॅक्सीवाल्याला तिकडेच घ्यायला सांगा.